अंड्यांचा वास

आषाढातल्या अवसेला घरातलं कुठलं कोंबडं कापायचं, यावरून मयेकरांच्या तीन पिढ्यांत कधी वाद झाला नाही, असं महिपत मयेकर छातीवर हात ठेवून सांगत असे. सांगत असे तो अवसेच्या दुसऱ्या दिवशी, वाद मिटल्यावर. त्या वर्षी, म्हणजे सन एकोणीसशे एकतीस साली, वाद सकाळी आठालाच सुरू झाला आणि त्याला कारण झाली परत आलेली दीड डझन अंडी.

डाक बंगल्यावरचा शिपाई पावसात भिजत आला, टोपली ओटीवर ठेवली आणि खानसाम्याचा निरोप शाळेतली कविता म्हणावी तसा म्हणून दाखवला. "साहेब बोलला, अंड्याला मच्छीचा वास येतो. साहेबाला मच्छी पायजे असेल तेव्हा साहेब मच्छी मागवील."

एवढं बोलून तो गेला. जाताना त्याने मागल्या दारच्या कोंबड्यांकडे असं पाहिलं, जणू त्यांनी सरकारविरुद्ध काहीतरी केलं आहे.

कोंबड्या नऊ होत्या, सगळ्या पांढऱ्या, लाल तुऱ्याच्या. त्या महिपतच्या धाकट्या भावजयीच्या, राहीच्या. तिचा नवरा धोंडू आगबोटीवर खलाशी. दोन वर्षांपूर्वी सुटीवर येताना त्याने पाच पिल्लं करंड्यात घालून आणली. ती कप्तानाच्या कोंबड्यांची अवलाद आहे असं तो म्हणाला. कप्तानाला हे ठाऊक होतं की नाही ते त्याने सांगितलं नाही. पिल्लं ठेवून तो पुन्हा बोटीवर गेला तो अजून आला नव्हता. पण गावठी कोंबड्या पावसाळ्यात पिसं फुगवून कोपऱ्यात बसत, तेव्हा या पांढऱ्या एक दिवसाआड नेमाने अंडी देत. त्याचं कारण जात होती की खुराक, यावर घरात दोन पक्ष होते.

खुराक राहीचा होता. मयेकर सोडे सुकवून विकत. माघापासून वैशाखापर्यंत अंगणात कोळंबी सोलली जाई आणि डोकी-सालांचा ढीग माडांच्या मुळाशी पडे. महिपतच्या वडलांपासून तो माडांचा हक्क होता. राहीने पहिल्या वर्षी त्यातली एक टोपली मागून घेतली. गोड्या पाण्यात दोनदा खळखळून धुतली, कातळावर चार उन्हं दिली, दगडी व्हायनात कुटली आणि कोंडा-कण्यांत मिसळली, सात मुठी कोंड्याला एक मूठ कूट. महिन्याभरात अंड्यातला बलक शेंदरासारखा लाल झाला आणि कवच असं टणक, की फोडताना थोरली जाऊ यमुनाबाई म्हणाली, "नारळ हाय काय गो हा?"

तेव्हापासून अंडी डाक बंगल्यावर जाऊ लागली आणि राही घरात बसू लागली. बसू लागली म्हणजे तिला बसायला जागा मिळाली. त्याआधी ती सतत उभी असे.

आता त्याच जागेचा प्रश्न होता. मुंबईला लालबागेत महिपतचा थोरला मुलगा धाकू आणि गावचे आणखी सात जण एका खोलीत राहत, गिरणीत जात आणि खाणावळीचं खाऊन पोटं बिघडवून घेत. खोलीवर रांधायला घरातली एक बाई पाहिजे, असं शिमग्यापासून चाललं होतं. घरात मोकळी बाई एकच, जिचा नवरा समुद्रावर आणि जिला मूल नाही ती. गेल्या खेपेला खोलीवर शेजारच्या घरातली मालन गेली होती. पहिल्या वर्षी ती खोकला घेऊन आली. दुसऱ्या वर्षी आली नाही. "कोंबड्या हायत तवर राहीला कशी पाठवायची," असं महिपत म्हणाला होता. हे त्याचं मत नव्हतं, सबब होती. पण सबब नऊ पायांवर, म्हणजे अठरा पायांवर उभी होती आणि राहीला तेवढी पुरत होती.

अंडी परत आल्यावर तिने टोपलीवरचं फडकं काढून एक अंडं नाकाशी धरलं. काही कळलं नाही. तरी वास येत असणार हे तिला पक्कं माहीत होतं. पंधरा दिवसांपूर्वी सुकवलेल्या सालांना बुरशी धरली होती. पावसात होड्या वर ओढलेल्या, नवी कोळंबी मिळायची तर नारळी पुनवेनंतर. तेव्हा तिने मागल्या रांजणातली तारलीची सुकी डोकी काढून कुटली. तारली तेलकट. त्या कुटाची बोटं साबणाने धुतली तरी चिकट राहत. आणि मुठीचा हिशेबही तिने मोडला होता. कोंबड्यांना आवडतंय म्हणून एकीच्या दोन केल्या होत्या.

रांजण माडांच्या खताचा होता. म्हणजे गुन्हे दोन झाले.

दुपारी बाराला सगळे ओटीवर जमले. पाऊस पडत होता, पण त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. महिपत झोपाळ्यावर. त्याची आई गोदूबाई भिंतीला टेकून पान कुटत. यमुनाबाई उंबऱ्यावर आणि राही दाराच्या आत, कारण थोरल्या दिरासमोर ती तोंडाने बोलत नसे. जे बोलायचं ते सासूला सांगे, आणि महिपत ते भिंतीकडे बघत ऐके. महिपतचा चुलतभाऊ सखाराम मात्र सगळ्यांशी थेट बोले. सरकारी शेतकी वर्गाला तो सहा आठवडे जाऊन आला होता आणि त्याच्या खिशात कोंबडीपालनाचं चोपडं असे. त्याच्या स्वतःच्या कोंबड्या मुंगसाने नेल्या होत्या, पण चोपडं शाबूत होतं.

"माझं म्हणणं एवढंच," यमुनाबाई म्हणाली. घरात सगळ्यांत लांबणारी वाक्यं अशीच सुरू होत. "आज अवस. उद्यापासून श्रावण. महिनाभर घरात म्हावरं शिजायचं नाय, शिवायचं नाय. मग या नऊजणी काय खानार? म्हावरंच ना? घरात माणसांनी श्रावण पाळायचा आन कोंबड्यांनी मागल्या दारी बाटवायचा. वर साहेब पण अंडी घेत नाय. मग ठेवायच्या कशाला? चार आज कापा. बाकीच्या सोमवार सोडून बघू."

"श्रावणात कोणी बघतं काय गो कोंबडीकडं?" गोदूबाई म्हणाली.

"आये," राही दाराआडून म्हणाली, "मोठ्या भावजींना विचारा, कोंबड्यांनी श्रावण कुठल्या देवाच्या नावानं पाळायचा. मी पाळून घेईन."

महिपतने भिंतीकडे पाहून मिशीला हात लावला. हसू लपवायची त्याची तीच जागा होती.

सखारामने चोपडं उघडलं. "यात मासळीचा भुगा सांगितलाय. दहा भागांना एक. विलायतेत सगळे घालतात."

"विलायतेतला साहेबच तं बोलला वास येतो म्हणून!" यमुनाबाई म्हणाली. "राहीनं काय घातलं ते विचारा आधी. मागल्या रांजणातली तारलीची डोकी निम्म्यावर आली हायत. मी आज सकाळी झाकण काढून बघितलं."

झोपाळा थांबला. "ती माडाची हायत," महिपत म्हणाला. कोंबड्या, साहेब आणि श्रावण या तिन्ही गोष्टी त्याने आतापर्यंत थंडपणे ऐकल्या होत्या. माडांचं ऐकून त्याची मान ताठ झाली. "भादव्यात आळ्यात घालायची. कोणी काढली?"

राहीने दाराची कडी धरली. आता हो म्हणायचं, असं तिने ठरवलं. तोंड उघडलंही.

"मी काढली," गोदूबाई म्हणाली.

"तू? कशाला?"

"विहिरीकडल्या माडाला घातली. पिवळा पडला हाय तो. तुमी दोघं झोपाळ्यावर बसून बगत नाय, मला बगावं लागतं."

विहिरीकडचा माड खरोखरच पिवळा होता. तो सात वर्षं पिवळाच होता. महिपतला आईशी वाद घालता येत नव्हता आणि पावसात माडाचं आळं उकरून बघण्याइतका तो संशयी नव्हता. झोपाळा पुन्हा हलू लागला. राही दाराआडून सासूकडे बघत राहिली. म्हातारीने तिच्याकडे पाहिलं नाही. पान कुटत राहिली. रोज सकाळी तिला मऊ उकडलेलं एक अंडं मिळे, दात नसलेल्या माणसाला त्याची किंमत कळते. शिवाय राही गेली की या घरात ती आणि यमुना दोघीच उरणार होत्या.

यमुनाबाई एवढ्यावर हटणारी नव्हती. "बरं. मग वास कुठून आला? का साहेब खोटा? टोपली हितंच हाय. घ्या वास."

टोपली फिरली. महिपतने अंडं नाकाला लावलं, डोळे मिटले, उघडले, पुढे दिलं. सखारामने दोन्ही नाकपुड्यांनी वेगवेगळा प्रयत्न केला. अंडी उकडून आणली, सोलली, पुन्हा फिरली. यमुनाबाईने एक मधोमध तोडलं, हुंगलं आणि गप्प बसली. तिला वास आला असता तर ती गप्प बसली नसती.

"मला तं अंड्याचा येतो," महिपत म्हणाला.

"अंड्याला अंड्याचा यायचाच," सखाराम म्हणाला. मग त्याने जरा विचार केला आणि सहा आठवड्यांच्या शिक्षणाचं सार्थक होईल असं एक वाक्य बोलला. "दादा, आपल्याला कळणार कसं? आपल्या पाण्याच्या हंड्याला पण म्हावऱ्याचा वास असेल. आपण जन्मलो तेव्हा सुइणीच्या हाताला होता. या घरात म्हावऱ्याचा वास कोणाला येणारच नाय. त्याला न खाणारं नाक पायजे."

तीन पिढ्या मासळीवर जगलेल्या घरात मासळीचा वास ओळखणारा माणूस नव्हता, हे आजवर कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. गावात न खाणारी नाकं होती. जोशीगुरुजींचं होतं. पण गुरुजींना अंडं हुंगायला बोलावणं म्हणजे पुढच्या पिढीच्या शाळेवर पाणी सोडणं.

"मामा येनार हायत ना जेवायला," यमुनाबाई म्हणाली. "मामांची माळ हाय."

भागोजी मामा गोदूबाईचा धाकटा भाऊ. वरच्या वाडीत राहत असे. दोन वर्षांपूर्वी त्याने माळ घातली आणि मासळी सोडली. अवसेच्या जेवणाला येणं मात्र सोडलं नव्हतं. तो वेगळ्या पानावर डाळभात खाई आणि इतरांच्या पानांकडे करुणेने बघे. निवाडा करायला याहून निर्मळ माणूस घरात नव्हता. यमुनाबाईला ते पटलं, महिपतला पटलं. राहीपुढे मात्र दोन वेगवेगळे पेच उभे राहिले.

पहिला साधा होता. मामांना वास येईल, खरं ते सांगतील, आणि श्रावण संपला की तिची ट्रंक लालबागेला.

दुसरा जरा गुंत्याचा होता. चैत्रापासून भागोजी मामा दर पंधरा दिवसांनी मागल्या दारी येऊन हळूच म्हणे, "राही, एखादा खारा बांगडा दे गो पानात बांधून. मांजराला." राही देत असे. त्याच्या घरी मांजर नव्हतं.

मामा आला, पाय धुतले, पाटावर बसला. काय करायचं आहे ते ऐकून त्याने दोन्ही हात माळेवर ठेवले.

"अरे, वास घेणं म्हणजे अर्धं जेवण. शास्त्रात हाय ते."

"अर्धंच ना, मामा?" सखाराम म्हणाला. "मग माळ अर्धी बाजूला करा."

"हसू नको. मी यात कशाला? मी आपला डाळभाताला आलो."

"तुमच्याशिवाय नाक नाय घरात," महिपत म्हणाला. "तुमी सांगाल ते शेवटचं. म्हावऱ्याचा वास आला तं राहीच्या कोंबड्या आज कापायच्या आन राही मुंबईला. नाय आला तं ती हितं. मंग पुन्हा बोलायचं नाय कोणी."

मामाने दाराच्या दिशेने पाहिलं. दाराआडची राही दिसत नव्हती, पण आहे हे त्याला ठाऊक होतं. तिलाही त्याचा चेहरा फटीतून दिसत होता. तो घाबरला होता, आणि तिच्यापेक्षा जास्त. तिला फार तर मुंबईला जावं लागलं असतं. त्याला या ओटीवर पुन्हा यायचं होतं.

ती एक शब्द बोलली असती तर पुरलं असतं. "मामा, मांजर बरं हाय ना?" एवढंच. तिने ते जिभेवर आणलं आणि मग गिळलं. कारण हेही तिच्या लक्षात आलं, की धमकी दिलेला माणूस आज वळतो, पण नंतर कुठेतरी खरं बोलून टाकतो. ती आत गेली, तांब्याभर पाणी आणून उंबऱ्याशी ठेवलं आणि सासूला म्हणाली, "आये, मामांना म्हणावं नीट दमानं घ्या. चालून आलेत."

सखारामने सगळं शास्त्रोक्त मांडलं. सहा अंडी उकडून सोलली, म्हणजे पांढरं-तांबडं कवच दिसायला नको. तीन राहीच्या कोंबड्यांची, तीन यमुनाबाईच्या गावठी कोंबड्यांची. त्यांना तारली काय, जवळाही मिळत नव्हता, त्या अंगणातल्या कण्यांवर होत्या. सहा केळीच्या पानांवर सहा अंडी, आणि कोणतं कुणाचं ते त्याने चोपड्याच्या मागल्या पानावर लिहून ठेवलं.

मामाने पहिलं हुंगलं. डोळे मिटले. दुसरं हुंगलं. ओठ हलले, बहुधा नामस्मरण. तिसऱ्यापाशी त्याने मान हलवली. ती होकाराची की नकाराची ते कोणाला कळलं नाही, त्यालाही नसावं. सहाव्यापर्यंत जाऊन तो परत पहिल्याकडे आला. राही त्याच्या नाकपुड्यांकडे बघत होती. त्या फुगत होत्या, मिटत होत्या, आणि त्यांच्यामागे काहीही घडत नव्हतं. आपल्या सगळ्यांसारखंच नाक, तिच्या मनात आलं. याला काही कळत नाही.

पण "कळत नाही" असं माळकऱ्याला म्हणता येत नव्हतं. महिपतला कळत नाही हा महिपतचा धंदा. मामाला कळत नाही म्हणजे मामा काय खातो हा प्रश्न. कशाचा तरी वास येतो म्हणणं त्याला भाग होतं.

"हे," मामा म्हणाला आणि एका अंड्यावर बोट ठेवलं. "ह्याला घाण येतेय. म्हावऱ्याची. बाकीची बरी हायत."

"पाचवं?"

"पाचवं. शिसारी आली मला." त्याने पाण्याने चूळ भरली, लांब जाऊन थुंकला. ते मात्र खरोखरच चांगलं केलं.

सखारामने चोपडं उलटं केलं. वाचलं. पुन्हा वाचलं. "पाच नंबर. यमुनावयनी. तांबडी कोंबडी."

पावसाचा आवाज अचानक मोठा झाला.

"माझी?" यमुनाबाई म्हणाली. "मामा, माझ्या कोंबड्या कण्या खातात! तांदळाच्या! तुमच्या नाकाला काय..."

ती तिथेच थांबली. तुमच्या नाकाला काय झालं, या प्रश्नाचं उत्तर एकच होतं आणि ते तिला माहीत होतं. तिने महिपतकडे पाहिलं. महिपत झोपाळ्याची कडी बघत होता. सखाराम चोपड्यात डोकं घालून बसला. गोदूबाईने पानाचा कुटका तोंडात टाकला. त्या शांततेत राहीला कळलं, की मामांच्या मांजराची गोष्ट या घरात प्रत्येकाला ठाऊक आहे. एकेकाने एकेकदा एकेक बांगडा दिलेला आहे.

"काय म्हणतंस तू?" गोदूबाई सुनेला शांतपणे म्हणाली. "माळ घातलेल्या माणसाच्या नाकावर संशय घेतंस? माझ्या भावाच्या?"

"मी कशाला घेऊ," यमुनाबाई म्हणाली. पदर सारखा केला. "तांबडी मेली कुठं जाऊन काय खाते, मला काय ठाव."

"झालं तं मग," महिपत म्हणाला. "तांबडी कापा."

तांबडी कापली. ती म्हातारी होती आणि चिवट निघाली, पण वडे चांगले झाले. मामा डाळभात जेवला, दोनदा मागून. पंगत उठल्यावर महिपतने सखारामला कागद घ्यायला सांगितलं आणि धाकूला पत्र सांगितलं: राहीस येथील कोंबड्यांच्या कामामुळे मुंबईस पाठविणे होत नाही, तरी खोलीवर दुसरी तजवीज करावी. "होत नाही" वर त्याने सखारामकडून दोनदा शाई गिरवून घेतली. यमुनाबाई तेव्हा भांडी घासत होती. नेहमीपेक्षा जास्त आवाज करून.

दुसऱ्या दिवशी सकाळी राहीने तारलीचं उरलेलं कूट विहिरीकडल्या माडाच्या आळ्यात नेऊन पुरलं, म्हणजे सासूचं बोलणं निदान मागाहून खरं व्हावं. बुरशी आलेली सालं निवडली, चांगली होती तेवढी चुलीवरच्या शिंकाळ्यात धुरी देऊन सुकवली, आणि पुन्हा सातास एकच मूठ धरली. चोरून नाही, यमुनाबाईच्या डोळ्यांदेखत. कोंबड्यांनी श्रावण पाळला नाही. यमुनाबाई बोलली नाही. बारा दिवसांनी राही स्वतः टोपली घेऊन डाक बंगल्यावर गेली. खानसाम्याने एक अंडं तिच्यासमोर फोडलं, वाटीत हुंगलं, देवाचं नाव घेतलं आणि टोपली ठेवून घेतली.

आगबोट पावसाळ्यात बंद, टपाल कोल्हापुरावरून मोटारीने घाट उतरून येई. त्यामुळे धाकूचं उत्तर यायला तीन आठवडे लागले. सखारामने ते ओटीवर मोठ्याने वाचलं. सर्वांची प्रकृती उत्तम. पोटाची तक्रार कोणासही नाही. खोलीवर रांधायला दापोलीकडची गंगुबाई नावाची एक बाई ज्येष्ठातच ठेवली आहे.